साठ उदाहरणांचा कागद बाजूला ठेवला तेव्हा: बेरजा, वजाबाक्या आणि पाढ्यांचं एक घरगुती प्रकरण

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांबरोबर मी गणितावर काम करते. या प्रकरणातली थोरली आठ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही शाळेत गेलेली नाहीत. शिकवण्याचा बहुतेक भार आईवर आहे, संध्याकाळी वडील वाचन घेतात. आईने पहिल्याच फोनवर अडचण नेमकी सांगितली: "ताई, हिला दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. पण ४७ गुणिले ८ दिलं की अर्धा अर्धा तास बसते आणि शेवटी रडायलाच लागते."

मुलगी हुशार होती. गुणाकाराची रीत तिला येत होती, हातचा कुठे लिहायचा आणि का लिहायचा हेही ती सांगू शकत होती. अडत होतं ते आतल्या लहान लहान पायऱ्यांवर: सात आठे किती, ३२ आणि ५ किती. तिथे ती इतकी रेंगाळायची की मूळ उदाहरणात आपण कुठे होतो हेच विसरून जायची.

यावर घरात एक उपाय सुरू होता. रोज सकाळी साठ बेरजा-वजाबाक्यांचा छापील कागद, शेजारी स्टॉपवॉच आणि ठरलेल्या मिनिटांत संपवायची अट. आठवड्यातून दोनदा असाच गुणाकारांचा कागद. सुरुवातीला मुलगी उत्साहाने बसायची. पुढे घाई वाढली, मग अंदाजपंचे उत्तरं यायला लागली, आणि मी गेले तेव्हा कागद दिसला की तिचं पोट दुखायला लागायचं. ते दुखणं खोटं नव्हतं. आईला ते कळत होतं आणि म्हणूनच ती हवालदिल झाली होती.

आईने सगळे जुने कागद फाइलला लावून ठेवले होते, याचा मला फार उपयोग झाला. किती चुकले हे मी पाहिलंच नाही. काय चुकलं ते वाचत गेले. ८ + ५ = १२. ७ + ६ = १२. १३ − ८ = ६. १५ − ७ = ९. पानामागून पानं हाच प्रकार: बेरीज चुकली तर उत्तर एकाने कमी, वजाबाकी चुकली तर एकाने जास्त. अंदाजाने लिहिलेली उत्तरं अशी शिस्तीत चुकत नाहीत. मुलगी मोजत होती आणि घाईत सुरुवातीचा आकडाच पहिलं बोट म्हणून धरत होती. ८ + ५ साठी आठ, नऊ, दहा, अकरा, बारा: पाच आकडे झाले, उत्तर १२. १३ − ८ साठी तेरापासून उलटं आठ आकडे म्हटले की सहावर थांबायला होतं. निवांत असताना ती नीट मोजायची, घड्याळ चालू झालं की असं व्हायचं.

मग मी तिच्याबरोबर बसले. घड्याळ नाही, पेन्सिल नाही, नुसतं तोंडी. पेन्सिल मुद्दाम काढून घेतली होती, कारण या वयात अनेक मुलं आकडा लिहायलाच वेळ घेतात आणि लिहिण्याचा संथपणा गणितातला संथपणा समजला जातो. प्रत्येक उत्तरानंतर मी एवढंच विचारायची, "कसं काढलंस?" पहिल्यांदा "असंच आलं" एवढंच उत्तर मिळालं. हात मांडीवर स्वस्थ होते, पण टेबलाखाली पायाची बोटं हलत होती. हाताची बोटं मोजायची नाहीत असं तिला बजावलेलं होतं, म्हणून तिने मोजणं पायावर नेलं होतं. मी माझी रीत सांगितली, "मी सात आणि आठ करताना सात दुणे चौदा आणि वर एक असं करते," तेव्हा ती एकदम सरसावून म्हणाली, "असं चालतं?" इतके दिवस तिची समजूत अशी होती की उत्तर एकतर पाठ असावं लागतं नाहीतर चोरून मोजावं लागतं. मधलाही एक रस्ता आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

या मधल्या रस्त्यावरच सगळं अडलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे. गणितशिक्षणाचे अभ्यासक आर्थर बरूडी पायाभूत आकडेमोडीचे तीन टप्पे सांगतात: आधी मोजणं, मग माहीत असलेल्यावरून माहीत नसलेलं काढणं, आणि त्यानंतर पटकन आठवणं. घरी शिकवताना दुसरा टप्पा गाळून मोजण्यावरून थेट पाठांतरावर उडी मारली जाते. विल्यम ब्राउनेल आणि शार्लट शझाल यांनी १९३५ मध्येच तिसरीच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं होतं की नुसत्या सरावाने मुलाची रीत बदलतेच असं नाही. मोजणारी बरीच मुलं सरावानंतरही मोजतच राहिली, फक्त मोजण्याचा वेग वाढला. म्हणजे सराव काय पक्कं करतो, तर त्या वेळी मूल जे करत असेल ते. या मुलीच्या बाबतीत रोज साठ वेळा पायाच्या बोटांवर मोजणं पक्कं होत होतं.

स्टॉपवॉच बंद करायचं ठरलं तेव्हा वडिलांनी रास्त शंका काढली: वेग नको तर मग साध्य काय? आपण तर घोकूनच शिकलो. मी त्यांना सांगितलं की वेग हवाच आहे. ८ + ५ ला चार सेकंद लागले तर मोठ्या उदाहरणात डोक्यात धरून ठेवलेलं बाकीचं सगळं निसटतं. पण वेग शेवटी येतो. शिवाय धास्तावलेलं डोकं आकडे धरून ठेवू शकत नाही. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हेच दाखवलं होतं: गणिताची भीती, गणित करताना लागणारी तात्पुरती स्मृतीच खाऊन टाकते. मोठ्यांचं हे, तर आठ वर्षांच्या मुलीचं काय सांगायचं? वडिलांनी एका अटीवर मान्य केलं. प्रगती कळेल अशी काहीतरी नोंद हवी. ती अट योग्यच होती.

वीस जोड्या

नोंदीसाठी दहा बाय दहाचा तक्ता केला, शून्य ते नऊ आडवे आणि उभे. शंभर चौकोन. ३ + ८ आणि ८ + ३ एकच धरले की उरतात ५५. तीन सेकंदांच्या आत आणि न मोजता आलेलं उत्तर हिरवं, विचार करून आलेलं पिवळं, मोजून आलेलं पांढरंच ठेवायचं. हे रंगवण्याचं काम मुलीकडेच दिलं.

तक्ता भरल्यावर चित्र आईला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच बरं निघालं. दहाच्या आतल्या बहुतेक बेरजा हिरव्या किंवा पिवळ्या होत्या. पांढरा पट्टा होता तो दहाच्या पुढे जाणाऱ्या बेरजांचा. अशा वेगवेगळ्या जोड्या मोजल्या तर फक्त वीस भरतात. त्यातल्या चार दुपटी: ६ + ६ पासून ९ + ९ पर्यंत. नऊ असलेल्या आणखी सात. आठ असलेल्या आणखी पाच. उरल्या ७ + ४, ७ + ५, ७ + ६ आणि ६ + ५. वर्षभर रोज साठ-साठ उदाहरणं ज्यासाठी चालली होती ते काम एवढंच होतं. आई त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच?"

पण एवढंसुद्धा सरळ होत नाही, आणि इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच घसरते. ८ + ५ साठी "आधी दहा कर" असं सांगणं सोपं आहे. मुलाला मात्र त्यासाठी तीन गोष्टी आधीच यायला लागतात: आठला दहा व्हायला दोन लागतात, पाचातून दोन काढले की तीन उरतात, आणि दहा आणि तीन तेरा. यातलं एकही हळू असेल तर ही युक्ती मोजण्यापेक्षा अवघड पडते. मग मूल परत मोजायला लागतं, आणि आपण म्हणतो की युक्ती सांगूनही ऐकत नाही. मूल शहाणपणानेच वागत असतं, त्याला जे कमी कष्टाचं ते ते निवडतं.

आमच्या मुलीला दहाच्या जोड्या येत होत्या, दहा आणि तीनही लगेच यायचं. अडत होती मधली फोड. पाचाचे दोन आणि किती, सहाचे एक आणि किती, सातातून तीन गेले तर किती, याला ती मोजायची. म्हणून सुरुवातीचे काही दिवस आम्ही बेरीज शिकवलीच नाही. पाच ते नऊ या आकड्यांची फोड, तेवढंच. आईच्या मुठीत सात मणी, त्यातले तीन टेबलावर, मुठीत किती? हा खेळ जेवणापूर्वी, बाहेर निघताना, कुठेही चालायचा. शिवाय पाच-पाच चौकोनांच्या दोन ओळींची चौकट, तिच्यात ठिपके. कार्ड एक सेकंद दाखवायचं आणि पालथं घालायचं. किती दिसले? दहाला किती कमी? एका सेकंदात आठ ठिपके मोजून होत नाहीत, ते "एक ओळ भरलेली आणि खाली तीन" किंवा "दहाला दोन कमी" असेच दिसतात. मोजू नकोस असं तोंडाने सांगण्याची गरजच पडली नाही. पायाची बोटं थांबली ती या चौकटीमुळे.

फोड पक्की झाल्यावर नऊच्या जोड्या एका बैठकीत सुटल्या, आठच्या थोड्या दिवसांत. ६ + ५ आणि ७ + ६ तिने स्वतःच दुपटीवरून काढल्या. ७ + ५ ला तिने एक वेगळीच वाट शोधली: सातातला एक पाचाला दिला की ६ + ६. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवसानंतर "कसं काढलंस?" हा प्रश्न तीच आईला विचारायला लागली.

वजाबाकी वेगळी शिकवली नाही. तीन कोपऱ्यांची कार्डं केली, कोपऱ्यांत ८, ५ आणि १३. एक कोपरा अंगठ्याने झाकायचा. तेरा झाकला तर बेरीज, पाच झाकला तर वजाबाकी. १३ − ८ म्हणजे आठला तेरा व्हायला किती हवेत. उलटं मोजणं बंद झालं तशी एकाने जास्तची चूकही नाहीशी झाली.

पाढ्यांची लय आणि तिची मर्यादा

आता मूळ तक्रार. सात आठे किती विचारलं की मुलगी पुटपुटायला लागायची: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस... मध्ये धाकटा काही बोलला की परत पहिल्यापासून. पाढा तिच्याजवळ जिन्यासारखा होता, आठव्या पायरीवर जायचं तर खालून चढूनच.

पाढे म्हणायला माझा अजिबात विरोध नाही. लयीत बसलेलं उच्चारण वर्षानुवर्षं टिकतं, आणि ते मुलीच्या गाठीला होतं ही जमेची बाजू होती. पण पाढा ही एक साखळी आहे आणि गुणाकार करताना साखळीतली एकच कडी, तीही मधूनच, हवी असते. ती वेगळी काढून द्यावी लागते.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट उघड झाली. मी तीन ओळींत आठ-आठ ठिपके असलेलं कार्ड दिलं. "तीन आठे चोवीस," ती म्हणाली. कार्ड काटकोनात फिरवून समोर ठेवलं: आता आठ ओळी, प्रत्येकीत तीन. ती नव्याने मोजायला लागली, अर्ध्यावर थांबली, कार्ड स्वतः परत फिरवलं, पुन्हा फिरवलं. "अगं आई, आठ त्रिक पण चोवीसच! मग अर्धे पाढे फुकट झाले की!" ती दोन्ही पाढे वर्षभर म्हणत होती. दोन्हींत चोवीस येतं हे तिने ऐकलेलंही होतं. ते एकच आहे हे मात्र त्या क्षणी दिसलं.

तिचं म्हणणं हिशेबाने तपासून पाहू. दोन ते नऊ यांचे ६४ गुणाकार. उलटसुलट एक धरले की ३६. दोनचा आणि पाचाचा पाढा तिला कुठूनही यायचा, ते काढले की २१. नऊ म्हणजे दहापट वजा एकपट, हे तिला लगेच पटलं: ९ × ७ म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. उरले १५. त्यातले पाच तेच-ते आकडे, तीन त्रिक नऊ पासून आठ आठे चौसष्ट पर्यंत, जे मुलांना का कोण जाणे आवडतात आणि लवकर बसतात. शेवटी हातात राहिले दहा: ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ७, ६ × ८, ७ × ८.

या दहांसाठी तिला आधार दिले. चारपट म्हणजे दुपटीची दुप्पट. सहापट म्हणजे पाचपट आणि वर एकपट. तीनपट म्हणजे दुप्पट आणि वर एकपट. सात आठेला तिने "साती साती एकोणपन्नास, आणि सात, छप्पन्न" ही वाट धरली. मला ४ × ७ ची दुप्पट अधिक सोपी वाटते, पण तिला ती रुचली नाही, आणि तिची वाट बरोबर असताना माझी लादण्यात काही अर्थ नव्हता.

एक काळजी घेतली. गुणाकारातल्या मुलांच्या चुका बहुधा त्याच पाढ्यातल्या शेजारच्या उत्तराच्या असतात, म्हणजे ७ × ८ ला ४८ किंवा ६३. चोपन्न आणि छप्पन्न यांची गल्लत तर मोठ्यांचीही होते. म्हणून ६ × ८, ७ × ८ आणि ६ × ९ एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत असं ठरवलं. एक पक्का हिरवा झाल्यावरच दुसरा.

रोजची सात मिनिटं

वाट सापडली म्हणजे उत्तर पटकन आठवतं असं नाही. त्यासाठी सराव लागतोच, आणि स्टॉपवॉचला कंटाळलेले पालक इथे दुसऱ्या टोकाला जातात: समजलंय ना, मग झालं. तसं होत नाही. समजलेलं आठवणीत जायला पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या अंतराने आठवून काढावं लागतं.

आमची बैठक सकाळी पाच-सात मिनिटांची आणि दुपारी तेवढीच. आठ कार्डं, त्यातली सहा येणारी, दोनच नवी. नव्या कार्डाला उत्तर आलं की ते मागे टाकायचं नाही, दोन कार्डांनंतर परत आणायचं, मग चार कार्डांनंतर. अडली तर थोडं थांबायचं आणि तिला तिची वाट बोलू द्यायची, तरीही नाही जमलं तर उत्तर सांगून टाकायचं. लटकवत ठेवायचं नाही. तीन कप्प्यांची पेटी केली: रोजचा, एक दिवसाआडचा, आठवड्याचा. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत रोजच्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. कागद आणि खोका यापलीकडे तिला काही लागत नाही.

मधल्या काळात आईने टॅबलेटवरचा एक गणिताचा खेळ लावून पाहिला. गुण भराभर वाढले, तक्त्यातले चौकोन मात्र हिरवे होईनात. मी शेजारी बसून पाहिलं तर मुलगी चार पर्यायांतले न पटणारे बाद करून उरलेल्यावर बोट ठेवत होती. ७ × ६ ला ४१ आणि ४३ विषम म्हणून बाद, १२ फारच लहान, राहिलं ४२. विचार म्हणून उत्तमच होता, पण उत्तर आठवून काढायची तिला गरजच पडत नव्हती. खेळ बंद केला नाही, सरावाच्या वेळेतून बाहेर काढला.

घरीच शिकण्यातली खरी अडचण निघाली ती धाकट्याची. तो खोलीतच असायचा आणि त्याला ठाऊक असलेलं उत्तर ताईच्या आधी ओरडायचा. ताईचा चेहरा उतरायचा. दोघांना वेगळं बसवणं आईला शक्य नव्हतं. मग धाकट्याला उत्तराच्या बाजूने कार्ड धरून बसवलं: त्याचं काम ताई म्हणते ते छापलेल्याशी जुळतं का हे पाहणं, आणि जुळलं की कार्ड पुढच्या कप्प्यात टाकणं. ओरडणं थांबलं. वाईट दिवस त्यानंतरही आले. एकदा सलग काही दिवस आजारपणात गेले आणि सहाचा पाढा पार विस्कटला. आई घाबरली, पण पेटी होती तशी चालू ठेवली आणि ते परत जागेवर आलं.

तीन-चार महिन्यांत बेरजेचा तक्ता पूर्ण हिरवा झाला. गुणाकाराच्या त्या दहांपैकी आठ हिरवे, ६ × ८ आणि ७ × ८ पिवळे. म्हणजे ती क्षणभर थांबते, वाट धरते आणि बरोबर येते. दोन आकडी गुणाकाराचं उदाहरण ती आता एका दमात सोडवते. वजाबाकीत १४ − ६ आणि १५ − ७ अजून संथ आहेत. पोटदुखी गेली आहे. वडिलांच्या आग्रहावरून एकदा स्टॉपवॉच लावून पाहिलं, मुलीच्या संमतीने, आणि स्पर्धा तिच्या स्वतःच्याच आधीच्या वेळेशी. तिला ते चाललं, पण रोज नको म्हणाली. आम्ही ऐकलं.

धाकट्यासाठी वेगळं काही सुरू केलेलं नाही. त्याला ठिपक्यांची चौकट, मुठीतले मणी आणि बोटं हे सगळं मोकळं आहे. सहाव्या वर्षी बोटांवर मोजणं अगदी योग्य आहे, ते लपवायला लावणं मात्र नाही. आईला एक खूण सांगून ठेवली आहे: चारपर्यंतचे ठिपके न मोजता ओळखता येत नसतील, दोन संख्यांतली मोठी कोणती हे वारंवार चुकत असेल आणि असं महिनोन्महिने काम करूनही काहीच टिकत नसेल, तर सराव वाढवत न बसता डिस्कॅल्क्युलियाच्या, म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजण्यातल्या अडचणीच्या, जाणकाराकडून तपासून घ्यावं. या दोघांच्या बाबतीत तशी शंका नाही.

आता भागाकार घ्यायचा आहे. त्यासाठी गुणाकाराचीही तीन कोपऱ्यांची कार्डं करायची ठरली आहेत, ७, ८ आणि ५६ अशी. पहिली दहा मुलगीच कापते आहे.